तुकड्यांत उरलेले जंगल

पडद्यावर दिसणारे हे हिरवे चौकोन ब्राझीलमधील मनाउस शहराच्या उत्तरेला आहेत. गुरांच्या कुरणांसाठी अ‍ॅमेझॉनचे इथले जंगल तोडले जाणारच होते. तेव्हा त्यातील एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे काही तुकडे अभ्यासासाठी राखावेत, अशी कल्पना जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी मांडली आणि १९७९ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. नमुना क्षेत्रांतील ज्या झाडांचा बुंधा छातीच्या उंचीवर दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जाड होता, त्या प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला ठोकण्यात आला. तोडीपूर्वीची अशी मोजदाद बहुतेक ठिकाणी नसते, म्हणूनच नेमके काय हरवले हे सांगता येत नाही.

राखलेल्या तुकड्यांत कुऱ्हाड चालली नाही, तरीही तिथली झाडे पूर्वीपेक्षा वेगाने मरू लागली. कुरणावरून येणारा कोरडा, उष्ण वारा कडेने आत शिरतो, जमिनीतील ओल उडते, वेली माजतात आणि सर्वांत आधी उन्मळतात ती जुनी, उंच झाडे. हा परिणाम कडेपासून सुमारे शंभर मीटरपर्यंत ठळकपणे जाणवतो. दहा हेक्टरांच्या चौकोनाची बाजू साधारण ३१६ मीटर भरते. चारही बाजूंचे शंभर मीटर वगळले, तर मध्ये दीड हेक्टरही जंगल उरत नाही. एक हेक्टरचा तुकडा तर सगळाच कड असतो.

मेलेल्या झाडांची जागा मोकळी राहत नाही. सेक्रोपियासारखी उन्हात झपाट्याने वाढणारी, पोकळ खोडाची आणि बारीक बियांची झाडे तिथे येतात. वरून पाहिले तर हिरवेपणा तसाच दिसतो, आणि हिरवा रंग हा जंगलाच्या प्रकृतीचा फार फसवा पुरावा आहे.

उष्ण कटिबंधातील बहुतेक वृक्षप्रजाती विरळ असतात, हे इथे लक्षात घ्यायला हवे. पनामातील बारो कोलोराडो बेटावर पन्नास हेक्टरांत सुमारे ३०० वृक्षप्रजाती आहेत, तर मलेशियाच्या सारावाक राज्यातील लांबिर येथे ५२ हेक्टरांत जवळजवळ १,२००. साहजिकच अनेक प्रजातींच्या वाट्याला हेक्टरी एखादे झाडही येत नाही. २०१३ च्या एका अंदाजानुसार अ‍ॅमेझॉनमध्ये सुमारे १६,००० वृक्षप्रजाती असून त्यांपैकी केवळ २२७ प्रजातींत तिथली निम्मी झाडे सामावतात. जंगलाचा एखादा पट्टा तुटला, तर विपुल प्रजाती अन्यत्र तगून राहतात. विरळ प्रजातीची मात्र तेवढीच झाडे असू शकतात.

विरळपणामागे एक कारण असेही मानले जाते की, मूळ झाडाखाली त्याच प्रजातीवर जगणाऱ्या किडी व बुरशी दबा धरून असतात आणि तिथे रुजलेली रोपटी सहसा टिकत नाहीत. जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७० च्या सुमारास ही मांडणी स्वतंत्रपणे केली. म्हणजे बी दूर जायला हवे. आणि मोठे बी दूर नेणार कोण, तर टूकान, कोळी माकड, टापिर असे प्राणी. लहान तुकड्यांतून आणि शिकार चालते तिथून बऱ्याचदा तेच आधी नाहीसे होतात. झाड उभे असते, फळतेही, पण त्याची पुढची पिढी उगवत नाही. कुरणात एकटे राहिलेले असे झाड आणखी शंभर वर्षे जगेल, आणि गणतीत त्याची प्रजाती तोवर शाबूत दिसेल.

तोडलेले जंगल परत येते का? अमेरिका खंडांच्या उष्ण कटिबंधातील दुय्यम, म्हणजे तोडीनंतर पुन्हा उगवलेल्या, जंगलांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, वीस वर्षांत प्रजातींची संख्या जुन्या जंगलाच्या सुमारे ८० टक्क्यांवर पोहोचते. प्रजाती मात्र त्याच नसतात: तेवढ्याच काळात जुनी रचना जेमतेम एक तृतीयांश जुळते आणि पुरती जुळायला शतके लागतात. त्यासाठीही बी पुरवणारे जुने जंगल जवळपास उभे असावे लागते.