आधी एका कास्टिंगचा माग काढा

मंडळी, आजचा विषय आहे ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, निवडायचं कसं. समोर बसलेले बहुतेक जण कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल या औद्योगिक पट्ट्यातले दिसतायत. म्हणून मी फाउंड्रीचंच, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचंच, उदाहरण घेतो. बाकीच्यांनी आपापल्या धंद्याला लावून घ्यावं.

ईआरपी घ्यायचा विषय आपल्याकडं कसा निघतो? उलाढाल वाढते, दुसरं युनिट उभं राहतं आणि मालकांच्या लक्षात येतं की टॅलीत साठा एक आहे, स्टोअरच्या एक्सेलमध्ये दुसरा आणि सुपरवायझरच्या वहीत तिसराच. मग तीन-चार कंपन्यांची माणसं लॅपटॉप घेऊन येतात. डेमो होतो. डेमोतला कारखाना फार सज्जन असतो. तो माल घेतो, बनवतो, विकतो. त्याचं काहीच रिजेक्ट होत नाही.

आपलं कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, असं सरळ जात नाही. पिग आयर्न आणि भंगार आपण किलोवर घेतो. ओतलेल्या धातूतला बराचसा भाग रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत, अडकतो, तो तोडून पुन्हा भट्टीत टाकतो. म्हणजे आपल्या कच्च्या मालातला एक हिस्सा आपल्याच शॉपमधून येतो. त्याला भाव कुठला लावायचा? तो फुकट धरला तर आजची हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, स्वस्त दिसते आणि कालची महाग. मोल्डिंगपासून, म्हणजे साचे भरण्यापासून, मोजणी किलोवरून नगावर येते. फेटलिंग, म्हणजे जादा धातू काढून साफसफाई, होऊन नग उद्यमनगरातल्या एखाद्या मशीनशॉपला जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, जातो. तिथं दोन कट मारल्यावर आतला ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, उघडा पडतो. नग परत येतो आणि भट्टीत जाताना त्याचा पुन्हा किलो होतो. मशिनिंगची मजुरी कुणाच्या अंगावर? पडलेलं बोरिंग, म्हणजे धातूचा किस, कुणाचं? आणि महिन्याभरानं गिऱ्हाइकानं विचारलं, की हा नग कुठल्या हीटचा, तर बिलावरून मागं भट्टीपर्यंत पोचता येतं का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की डेमो त्यांचा बघू नका, आपला द्या. स्वतःचा एक नग निवडा, शक्यतो सगळ्यात त्रास देणारा. त्याचं ओतीव वजन, फेटलिंगनंतरचं वजन, जॉबवर्कचं चलन आणि एक रिजेक्शन नोट समोर ठेवा आणि म्हणा, हे आत्ता इथं टाकून दाखवा. ‘होईल सर, कस्टमायझेशनमध्ये करून देऊ’ हे उत्तर आलं, तर ते कोटेशनमध्ये लिहून घ्या, किमतीसकट.

जॉबवर्कवर मी जोर देतोय त्याला कायद्याचंही कारण आहे. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एक वर्षात परत यावा लागतो, नाहीतर थेट तिथून विकला जावा लागतो. भांडवली वस्तूंना तीन वर्षं आहेत. डाय, जिग, फिक्स्चर अशा साच्यांना आणि नग धरायच्या साधनांना ही मुदत लागू नाही. मुदत चुकली, की माल ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो पुरवठा केला असं धरतात, म्हणजे करासोबत व्याजही आलं. तेव्हा कुणाकडं किती नग, किती दिवसांपासून पडून आहेत, हे चलनवार दिसलं पाहिजे. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, याबद्दल फार बोलत नाही, 1 ऑगस्ट 2023 पासून ते 5 कोटींच्या वरच्या उलाढालीला सक्तीचं आहे आणि बाजारातलं बहुतेक सॉफ्टवेअर ते करतं. नोंद कुणी, कधी बदलली याचा माग ठेवणंही कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. माहितीपत्रकात ते खासियत म्हणून छापलेलं दिसलं तर भुलू नका.

आता कस्टमायझेशन किती करायचं? लिडल या जर्मन किराणा साखळीनं 2018 साली एसएपी या ईआरपीवरचा आपला प्रकल्प सात वर्षांनी गुंडाळला. खर्च सुमारे 50 कोटी युरो झाल्याच्या बातम्या होत्या. साठा खरेदी किमतीला धरायची त्यांची पद्धत, सिस्टिमची रचना विक्री किमतीवरची, आणि पद्धत बदलायची नाही हा हट्ट. आपल्याकडंही हे होतं. किलो आणि नग दोन्ही ठेवणं ही फाउंड्रीची गरज आहे, ते सोडू नका. पण रोजचा रिपोर्ट साहेबांना गेल्या पंधरा वर्षांच्याच तक्त्यात हवा, ही सवय आहे. तिच्यासाठी पैसे मोजायचे असले तर खुशाल मोजा.

पैशाचंच निघालं म्हणून सांगतो. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे, लायसन्सला पैसे पडत नाहीत. तरी ते बसवणारा माणूस, जुना डेटा साफ करणं आणि शिकवणं याचा खर्च चुकत नाही. एकच बेअरिंग स्टोअरमध्ये तीन नावांनी नोंदलेलं असतं, आणि ते ओळखणारा असतो स्टोअरकीपर. डेमोला मात्र अकाउंटंट असतो, पुण्यातून इंजिनिअर होऊन आलेले चिरंजीव असतात. स्टोअरकीपर बाहेर ट्रक उतरवून घेत असतो. त्याला आत बसवा.

सुरुवात कधी करायची? हिशेबाला 1 एप्रिल सोयीची, पण मार्चअखेरीला डिस्पॅचची घाई असते आणि साठा मोजायला कुणाला सवड नसते. त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या तिमाहीची सुरुवात धरा. मोजणी आपल्या कंपाउंडपुरती करू नका, प्रत्येक मशीनशॉपकडून त्यांच्याकडच्या आपल्या नगांचा आकडा सहीनिशी घ्या. चलनाशी तो जुळला नाही, तर सॉफ्टवेअरवाल्याला पुढची तारीख द्या आणि आधी तो फरक मिटवा.