ईस्टर दरवर्षी का हलतो?

श्रोतेहो, नमस्कार.

वसईतल्या एका कॅथलिक मराठी शाळेत मी २६ वर्षं गणित शिकवलं. शाळा चर्चच्याच आवारात. वर्गात निम्मी मुलं ख्रिस्ती, बाकीची आगरी, वाडवळ, आदिवासी, मुसलमान. "तुमच्या शाळेत वेगळं काय शिकवतात हो?" असं लोक मला लग्नाकार्यात, लोकलमध्ये नेहमी विचारायचे. त्यांच्या मनात धर्मशिक्षणाचा तास असायचा. तो असतोच. ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षण, त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. पण आठवड्यातल्या त्या एका तासाने मूल घडतं, असं मला कधीच वाटलं नाही. मूल घडतं ते एखादा प्रश्न सगळ्या तासांमधून फिरून येतो तेव्हा. असाच एक प्रश्न आज तुम्हाला सांगते.

राखेचा बुधवार होता, म्हणजे ईस्टरच्या, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. सकाळी फादरांनी मुलांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. दुपारी विज्ञानाच्या सरांनी चुलीतली राख पाण्यात कालवून ठेवली, वर आलेल्या निवळीत तांबडा लिटमस बुडवला. कागद निळा झाला. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "म्हणून माझी आजी भांडी राखेने घासते?" सर म्हणाले, "म्हणूनच. राखेतला अल्क तेलकटपणा काढतो." कपाळावरची राख, प्रयोगशाळेतली राख आणि आजीच्या मोरीतली राख एकाच दिवसात मुलांच्या हाताखालून गेली.

त्याच दिवशी आठवीतल्या एका मुलाने मला विचारलं, "टीचर, नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला. मग ईस्टर दरवर्षी का हलतो?" हा धर्माचा प्रश्न आहे, फादरांना विचार, असं मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "उद्या घरचं कालनिर्णय घेऊन या. जुनी असतील तर तीही."

नियम सोपा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर त्याच्या पुढचा. मुलांनी पानं उलटली आणि हनुमान जयंती सापडली! बहुतेक वर्षी ईस्टर चैत्री पौर्णिमेला चिकटूनच येतो. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला, ईस्टर ९ एप्रिलला. कधी फाल्गुनातली पौर्णिमाच २१ मार्चनंतर येते. २०२४ साली २५ मार्चला धुळवड खेळलो आणि ३१ मार्चला ईस्टर आला. एकाच चंद्राकडे बघून दोन घरांत सण ठरतात, हे मुलांनी स्वतः शोधलं. सर्वधर्मसमभावावर मी कितीही बोलले असते तरी हे साधलं नसतं.

मग भागाकार. १९ सौर वर्षांत जवळजवळ २३५ चांद्रमास बसतात. एकोणीस बारे २२८, राहिले सात. ते सात कुठले? वाडवळांचा एक मुलगा ताडकन म्हणाला, "अधिक महिने!" म्हणून वर्षाला १९ ने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी सारखी असली की पौर्णिमाही जवळपास त्याच तारखेला. २००६ आणि २०२५, दोन्हींची बाकी ११. हनुमान जयंती एका साली १३ एप्रिलला, दुसऱ्या साली १२ एप्रिलला.

इतिहासाच्या बाईंनी धागा पुढे नेला. जुन्या, ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. शतकानुशतकं ती मिनिटं साचत गेली आणि वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा वसंतातला दिवस, २१ मार्चवरून मागे सरकून ११ मार्चवर आला, ईस्टरचा हिशेब चुकू लागला. तेराव्या ग्रेगरी पोपनी क्लाव्हियस या जेझुइट गणितज्ञाची मदत घेऊन १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. अविलाच्या संत तेरेजा त्याच रात्री वारल्या, म्हणून त्यांचा सण १५ तारखेला. वर्गातल्या तिन्ही तेरेजा ताठ बसल्या. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री, त्यांना तेव्हा गोव्यात येऊन तीनच वर्षं झाली होती. पुढे १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला त्यांचं क्रिस्तपुराण हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य छापलं गेलं, मराठी ओव्यांचं, पण रोमन लिपीत. तिथून मुलं मराठीच्या तासात शिरली. ज्ञानोबांची ओवी परदेशातून आलेल्या पाद्र्याने का निवडली, यावर बराच वेळ वाद रंगला.

आता पालक मला विचारतात, या सगळ्याला परीक्षेत किती गुण? एकही नाही. हल्ली तासिका इतक्या घट्ट बांधल्या आहेत की असा प्रश्न फिरायला वाटच राहत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शेवटी मुलांनी विचारलं, ईस्टर उशिरात उशिरा कधी येऊ शकतो? २५ एप्रिल. पुढचा तसा ईस्टर २०३८ साली. १९ ने भागल्यावर बाकी ५. त्याआधीचा १९४३ साली, बाकी तीच, ५. दुसऱ्या दिवशी राखेने भांडी घासणाऱ्या आजीची ती नात वर्गात धावत आली. "टीचर, आजीला आठवतंय! ती तेव्हा लहान होती. त्या ईस्टरला वाडीतले आंबे पिकायला लागले होते, म्हणाली."

मी फळ्यावर १९४३ च्या पुढे 'आंबे' असं लिहिलं. तास संपला तरी ते कुणी पुसलं नाही.