मायनर शेवटून निवडा

नमस्कार. आत येताना दाराशी दोघींनी मला अडवून विचारलं, "मॅडम, कोणता मायनर चांगला?" तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात हाच प्रश्न असणार. त्याच्याकडे येतेच, पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. मायनरला, म्हणजे पदवीत मुख्य विषयाच्या जोडीला घेतलेल्या दुसऱ्या विषयाला, आपण 'गौण विषय' म्हणतो. गौण हा शब्द मुळात 'गुण'वरून आलेला, पण आज त्याचा अर्थ 'नसला तरी चालेल असा' इतकाच उरला आहे. मला विचाराल तर मायनरला 'संवादी' म्हणावं. रागात वादी स्वर मुख्य, आणि त्याच्याशी जुळणारा संवादी. यमनात गांधार वादी आणि निषाद संवादी. निषाद वगळून कुणी यमन गाऊन दाखवावा! मुख्य विषयाशी सतत बोलत राहणारा दुसरा विषय, या अर्थानं मी मायनरकडे बघते.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १८७७-७८ च्या माहितीपुस्तकात मेजर आणि मायनर हे शब्द आढळतात. त्याच सुमारास हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची जवळजवळ पूर्ण मोकळीक देत होते. त्याचा एक परिणाम असा झाला, की अनेक जण इथलं थोडं, तिथलं थोडं शिकून पदवी घेऊ लागले. १९०९ मध्ये लॉरेन्स लोवेल अध्यक्ष झाले आणि त्यांनी ही मोकळीक आवरली: एका विषयात खोल जायचं, उरलेलं शिक्षण निरनिराळ्या शाखांत वाटून घ्यायचं. जर्मन विद्यापीठांतही हाउप्टफाख आणि नेबेनफाख, म्हणजे मुख्य आणि जोडविषय, ही जोडी जुनी आहे. पद्धती वेगळ्या, पण त्यांच्यामागची ओढ एकच. एका ठिकाणी खोल उतरायचं, आणि तिथून वर बघायला दुसरा एक झरोकाही ठेवायचा.

आता निवडीकडे येऊ. मायनर बहुतेक जण सुरुवातीच्या पेपरवरून निवडतात. पहिल्या सेमिस्टरला मानसशास्त्राची ओळख आवडली, घेतला मानसशास्त्राचा मायनर. पण ओळखीचा पेपर आवडावा म्हणूनच रचलेला असतो. त्यात त्या विषयाचं सगळ्यात देखणं तेवढं दिसतं. तुम्ही शेवटचा सक्तीचा पेपर बघा. मानसशास्त्रात पुढे संशोधनपद्धती येते, आकडेवारीचं विश्लेषण येतं. तिथे पोचल्यावर ज्यांचा उत्साह मावळतो, त्यांना मी दोष देत नाही. पुढे काय आहे ते त्यांना कुणी आधी दाखवलेलंच नसतं.

माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. जीवशास्त्र मुख्य, संख्याशास्त्र मायनर. निवड उत्तम होती, आजही मी तेच म्हणेन. कागदावर सहा पेपर होते. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं, की शेवटच्या दोन पेपरांसाठी संभाव्यताशास्त्र हवं, त्यासाठी कलनाचा, म्हणजे कॅल्क्युलसचा, दुसरा भाग हवा, आणि तो घ्यायचा तर पहिला भाग झालेला हवा. सहाचे नऊ झाले. तिनं ते पूर्ण केले, पण दोन सेमिस्टर तिची झोप गेली. पहिल्याच वर्षी तिनं ही साखळी शेवटच्या पेपरपासून उलटी मोजली असती तर कलन आधीच उरकलं असतं. म्हणून मी म्हणते, मायनर शेवटून निवडा. पूर्वअटी प्रत्येक पेपरच्या वर्णनात बारीक अक्षरांत लिहिलेल्या असतात. कागद घ्या आणि शेवटाकडून सुरुवातीकडे बाण काढत या.

दुसरी गोष्ट, विषयाच्या नावापेक्षा तो तुमच्याकडून रोज काय करून घेतो ते बघा. इतिहास कागदपत्रं वाचायला लावतो आणि 'हे लिहिलं कुणी, कशासाठी?' असं विचारायला शिकवतो. संख्याशास्त्र अनिश्चितता मोजायला शिकवतं. तत्त्वज्ञान एकाच परिच्छेदावर तासभर बसवतं. तुमच्या मुख्य विषयात जी सवय लागत नाही, ती लावणारा मायनर मला सर्वात मोलाचा वाटतो. भौतिकशास्त्राबरोबर गणित घेणं सोपं असतं, कारण बरेच पेपर दोन्हीकडे लागतात. मात्र एकच पेपर दोन्हीकडे मोजायला बहुतेक विद्यापीठांत मर्यादा असते, ती आधी विचारा. परकी भाषा घेणार असाल तर लवकर सुरू करा आणि मध्ये सेमिस्टर सोडू नका. भाषेत खंड पडला, की मागचं निसटतं.

आता पूर्ण करण्याबद्दल. इथे हुशारीपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. लहान विभागांत काही पेपर एक वर्षाआड शिकवले जातात. शिकवणारे प्राध्यापक रजेवर गेले तर आणखी वर्षभर वाट बघावी लागते. त्यामुळे एकही सक्तीचा पेपर शेवटच्या सेमिस्टरसाठी राखू नका. मायनरची रीतसर नोंदणी करा. नुसते पेपर दिले म्हणजे मायनर झाला, असं अनेक ठिकाणी होत नाही. नियम बदलले तर तुम्हाला कोणत्या वर्षाचे लागू, हेही बरेचदा नोंदणीच्या वर्षावर ठरतं. फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण पद्धतीनं घेतलेला पेपर अनेकदा मायनरसाठी धरत नाहीत, आणि किमान श्रेणीची अटही असू शकते. दुसऱ्या विद्यापीठात एखादं सेमिस्टर करणार असाल तर तिथले कोणते पेपर इथे धरले जातील, ते जाण्याआधी ठरवून घ्या. एका पेपरऐवजी दुसरा चालेल असं कुणी तोंडी सांगितलं, तर लगेच ईमेल करून लेखी होकार मागा. सांगणारी व्यक्ती खोटं बोलते म्हणून नव्हे. दोन वर्षांनी ती त्या खुर्चीवर असेलच असं नाही, म्हणून. आणि पदवीच्या एक वर्ष आधी विभागात बसून सगळी क्रेडिट एकदा तपासून घ्या.

मध्येच सोडावासा वाटला तर? हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून मोठ्यानं बोलते. सहापैकी चार पेपर झाले, मुख्य विषयाचा प्रकल्प अंगावर आला, आणि उरलेल्या दोनांसाठी पदवी लांबणार असेल, तर मायनर सोडणं अगदी योग्य आहे. ते चार पेपर गुणपत्रकावर राहतात आणि शिकलेलंही राहतं. पण मन रमत नाही म्हणून पाचव्या पेपरवर सोडत असाल, तर एक आठवडा थांबा. बहुतेक विषय तिथेच सर्वात कोरडे होतात, कारण कौतुक संपून काम सुरू झालेलं असतं.

आणि आता त्या दोघींचं उत्तर. मी विषयाचं नाव सांगणार नाही, एक काम सांगते. मनातल्या दोन-तीन मायनरचे शेवटचे पेपर आज रात्री शोधा. त्यांच्या वाचनयादीतलं एखादं प्रकरण मिळवा आणि वाचा. निम्मं कळणार नाही, ते ठीक आहे. कोणत्या प्रकरणात न कळलेल्या ओळीपाशी तुम्ही परत फिरून आलात, तेवढं लिहून ठेवा आणि उद्या मला दाखवा. मी अकरापासून विभागात आहे.