सोहारची खोली, वडगावचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी बेळगावात घर-जागांच्या खरेदी-विक्रीचं काम करतो. कुणी एजंट म्हणतं, कुणी दलाल. दोन्ही मला चालतात. आज बोलायचं आहे ते परदेशात गेलेल्या आपल्या माणसांच्या व्यवहारांबद्दल. ते आपल्याकडे कसे येतात आणि आले की कसे सांभाळायचे, याबद्दल.

निपाणी, संकेश्वर, खानापूर इकडची बरीच तरुण मुलं आता या धंद्यात आलीत. ती मला विचारतात, "अण्णा, दुबईची गिऱ्हाइकं कशी धरायची? तिथल्या प्रदर्शनात स्टॉल घेऊ काय?" मी उलट विचारतो, "तुझ्या गल्लीतल्या कुणाकुणाची मुलं बाहेरदेशी आहेत, सांग बघू." बहुतेकांना सांगता येत नाही. उद्यमबागेत लेथवर हात बसलेली पोरं आखातात आहेत. इथं शिकलेले डॉक्टर, इंजिनिअर अमेरिकेत आहेत, जर्मनीत आहेत. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांतली माणसं मस्कत, कुवेत करत करत पुढं इंग्लंडला पोचली. पण त्यांचे आईवडील इथंच आहेत. परदेशातलं गिऱ्हाईक मला नेहमी इथंच भेटलं, त्याच्या आईवडिलांच्या सोप्यावर, चहा घेताना. हे लक्षात ठेवा, आईवडिलांच्या सोप्यावर.

आता मी तुम्हाला शहापूरच्या एका काकूंची गोष्ट सांगतो. वेळ थोडा जास्त जाईल, पण माझा सगळा धंदा त्या गोष्टीतून उभा राहिला आहे.

2011 सालची गोष्ट. शहापुरात जुनं विणकराचं घर. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, माग बंद पडला होता. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर काकू झोपायच्या. दाराला तीन उंच पायऱ्या, संडास परसात. पावसाळ्यात रात्री उठायचं झालं की एका हातात बॅटरी, एका हातात काठी. एकुलता एक मुलगा फिटर, ओमानमध्ये सोहारच्या एका वर्कशॉपमध्ये.

त्या मुलाचा मला फोन आला. शुक्रवार होता. ओमानमध्ये शुक्रवारी सुट्टी असते, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. म्हणाला, "जांबोटी रोडला दोन एकर बघून ठेवलंय. पन्नास हजार संचकार दिलाय. राहिलेलं तुम्ही बघा, कागद माझ्या नावावर करून द्या." संचकार, म्हणजे विसार, ज्यानं घेतला होता तो आमच्याच धंद्यातला एक माणूस.

मी उतारा मागवला. सरळ शेतजमीन. मी त्याला सांगितलं, "ही तुझ्या नावावर होणार नाही. तू परदेशात नोकरीला राहतोस. पासपोर्ट भारताचा असला तरी फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यानं तू अनिवासी. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही."

तो म्हणाला, "मग आईच्या नावावर करा."

तेही होत नव्हतं. त्या काळी कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती आणि काकूंच्या सात पिढ्या मागावर. ती अट पुढं 2020 मध्ये राज्य सरकारनं काढली. पण नीट ऐका, अट निघाली ती इथं राहणाऱ्यांसाठी. परदेशात राहणाऱ्याला आजही शेतजमीन नाही, मळा नाही, फार्महाऊस नाही. वारशानं आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. पुन्हा सांगतो, विकत घेता येत नाही.

मुलगा फोनवर भडकला. "संचकार घेतलेला माणूस होतंय म्हणतो आणि तुम्ही नाही म्हणता. तुम्हाला कमिशन वाढवून पाहिजे असेल तर सरळ सांगा की!" आणि फोन ठेवला.

मला राग आला नाही. आपल्या भागात ज्याच्या बापाला वीतभर रान नव्हतं, त्याला दोन एकराचं मालक होणं काय असतं, ते मी ओळखतो. त्याला तिथं काजू लावायचे होते, आंब्याची कलमं लावायची होती. सोहारच्या उन्हात तो ते रान रोज डोळ्यांनी बघत असणार.

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, बशीत कुंदा दिला. मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "बाळ, ते रान घेऊन मी काय करू? तिथवर मला कोण नेणार? मला संडास घरात पाहिजे बघ. आणि दाराला पायरी एकच पाहिजे. एवढंच त्याला सांग की."

मुलानं आईला विचारलंच नव्हतं. आईनं मुलाला सांगितलं नव्हतं, त्याचा हिरमोड होईल म्हणून. पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याच घरात बसून फोन लावला आणि काकूंच्या हातात दिला. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. पाऊण तासानं काकूंनी हाक मारली. डोळे पुसत होत्या. "घर बघ म्हणतोय," म्हणाल्या.

वडगावात खालच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. सिटी सर्व्हेचा उतारा स्वच्छ, ईसीवर, म्हणजे सरकारी बोजा-दाखल्यावर, कर्जाचा बोजा नाही, संडास घरात, दाराला एकच पायरी. आता मुलाला रजा नव्हती, म्हणून काकूंच्या नावे मुखत्यारपत्र करायचं ठरलं. मसुदा मी केला. तो सोहारहून मस्कतला गेला, दोनशे किलोमीटरच्या वर अंतर. भारताच्या वकिलातीत सही केली आणि कागद कुरिअरनं पाठवला.

आणि सब-रजिस्ट्रार कचेरीत तो कागद परत आला. चूक माझी होती. घर खरेदी करण्याचा अधिकार मी लिहिला होता, पण सब-रजिस्ट्रारपुढे हजर राहून दस्त नोंदवून घेण्याचा अधिकार लिहायचा राहिला होता. एक वाक्य. त्या एका वाक्यासाठी त्या पोराला पुन्हा एका दिवसाचा पगार सोडून मस्कतला जायला लागणार होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वकिलातीच्या नावावर, कुरिअरवर, कचेरीच्या कारकुनावर ढकलता आलं असतं. त्याला काय कळणार होतं तिथं? सकाळी फोन केला आणि सांगितलं, "माझ्याकडून चूक झाली. तुझा जाण्यायेण्याचा खर्च, वकिलातीची फी, दिवसाचा पगार माझ्या कमिशनमधून वळता कर." तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मी पुन्हा जाऊन येतो." त्याच्या तोंडून पहिल्यांदा दादा ऐकलं.

दुसरा कागद आला. तो आम्ही तीन महिन्यांच्या आत जिल्हा निबंधकांकडे नेऊन त्यावर मुद्रांक भरून घेतला. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित व्हावं लागतं. तीन महिने, विसरू नका. आणि दिवाळीच्या आधी काकू वडगावात राहायला गेल्या. मागाचा धोटा तेवढा बरोबर नेला आणि देवाशेजारी ठेवला.

सोहारला त्या मुलाच्या खोलीत सहाजण राहायचे. एक नंदगडचा, एक चंदगडचा, एक निपाणीचा, दोघे केरळचे. हे सगळे फोन त्या खोलीतच होत होते आणि ती माणसं ऐकत होती. वर्षभरात नंदगडच्या पोराचा फोन आला, मग निपाणीच्या. चंदगडचा पुढं कॅनडाला गेला आणि तिथून त्याच्या मेहुण्यानं फोन केला. त्या एका खोलीतून माझ्याकडे पाच घरांचे व्यवहार आले आणि त्या पाचांतून पुढचे. मी आजवर विमानात बसून एकाही गिऱ्हाइकाकडे गेलेलो नाही.

आता कामाचं थोडं पटपट सांगतो.

पैसा बँकेतूनच. बाहेरून थेट बँकेत आलेला, किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर या अनिवासींच्या खास बँक खात्यांतला. कुणी सुट्टीवर येताना दिनार-दिरहमच्या नोटा घेऊन आला तर हात लावू नका. पुढं घर विकून रक्कम परत न्यायची झाली की बँक पहिल्यांदा हेच विचारते, पैसा आला कुठून.

परदेशस्थाकडून इथलं कुणी घर विकत घेत असेल तर त्याला बजावून सांगा, की नेहमीचा एक टक्का कर कापून भागत नाही. अनिवासी विक्रेत्याला तो नियमच नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर 2024 पासून साडेबारा टक्के आहे, वर अधिभार, उपकर. कमी कापायचा असेल तर विक्रेत्यानं आयकर खात्याकडून आधी दाखला घ्यायचा. आधी. पैसे दिल्यावर नाही.

अपोस्टिलचंही ऐका, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का. अमेरिका, इंग्लंडमधून येणाऱ्या मुखत्यारपत्राला तिथलं अपोस्टिल चालतं. दुबईहून येणारं मात्र आपल्या वकिलातीतूनच करून आणायला सांगा.

मलेशियाहून इथं डॉक्टरकी शिकायला मुलं येतात. त्यांचे पालक कधीकधी फ्लॅट घ्यायचं म्हणतात. परदेशी नागरिक, मूळ भारतीय नाही आणि राहतो परदेशात, अशा माणसाला इथं घर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंत भाड्यानं मिळतं. आणि घरमालकानं त्या मुलांची नोंद सरकारकडे चोवीस तासांत करायची.

रेराची, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी करा. 2016 च्या कायद्यानं रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला एजंटलाही नोंदणी लागते. तुमचा नंबर टोरोंटोत बसलेला माणूस कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत तपासतो.

आणखी एक मनातलं बोलतो, विषयाला थोडं सोडून आहे. आपल्या मुलांनी कन्नड वाचायला शिकावं. मी मराठी शाळेत शिकलो, माझी मुलं मराठी शाळेत शिकली, घरात दुसरी भाषा नाही. पण उतारा कन्नडात येतो. आरटीसी, म्हणजे शेताचा उतारा, कन्नडात; पंचायतीचा ई-स्वत्तू, म्हणजे गावातल्या मिळकतीचा उतारा, तोही कन्नडात. आपल्याच रानाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस मला बघवत नाही. आणि 1956 च्या आधीचा, मुंबई राज्यातला कागद काढला तर तो बऱ्याचदा मराठीत असतो, त्याहून जुना मोडीत. मोडी वाचणारी माणसं बेळगावात आता बोटावर मोजण्याइतकी. कुणीतरी तरुणानं ती शिकावी, पोटापुरतं काम नक्की मिळेल. माझ्याकडेच मिळेल.

आणि टिळकवाडीतली, हिंदवाडीतली ती कौलारू घरं! मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवतो, घर पाडतो, तीन मजले चढवतो आणि कुलूप लावून ठेवतो. परसातला फणस जातो, आड बुजतो. मी अशा माणसाला दरवेळी विचारतो, कौलं बदलून, वासे बघून चालेल काय? दोघांनी ऐकलं आजवर. ती दोन घरं बघायला मी अजूनही मुद्दाम वाट वाकडी करून जातो.

वेळ संपत आली. काकूंचं सांगायचं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगा गोव्यात मोप्याच्या विमानतळावर उतरून चोर्ला घाटानं रात्री पोचला. दिवसकार्य झाल्यावर म्हणाला, "दादा, विकायचं नाही. भाड्यानं द्या. पण म्हाताऱ्या माणसालाच द्या."

त्या घरात आता एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांचे गुडघे दुखतात. मालक परदेशात म्हणून भाड्यातून 31.2 टक्के कर कापून भरायचा आणि उरलेलं त्याच्या एनआरओ खात्यात टाकायचं, हे त्यांना मी पहिल्याच महिन्यात कागदावर लिहून दिलं. त्या दर तिमाहीला पावत्या घेऊन येतात, आणि मी त्या शुक्रवारी सोहारला पाठवतो. गेल्या शुक्रवारी त्याचा उलट निरोप आला. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची का, त्यांना विचारा म्हणाला. सुतार उद्या जाणार आहे.

नमस्कार.