लग्नापुरतं भुकेचं इंजेक्शन? आधी ही पायरी समजून घ्या

नमस्कार मंडळी! आज माझ्या औषधांच्या दुकानातूनच बोलतेय, मागे गिऱ्हाईक आलं तर मध्येच उठेन, सांभाळून घ्या. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की शेवटी कॅमेरा लावला. "ताई, दोन महिन्यांवर लग्न आलंय. ते भूक कमी करायचं इंजेक्शन घेऊ का? लग्नापुरतंच."

लग्नापुरतंच म्हणे! फेशियल आहे का ते?

बरं, प्राथमिक गोष्टी भराभर. माउंजारो म्हणजे टिर्झेपाटाइड, वेगोवी म्हणजे सेमाग्लुटाइड. दोन्ही २०२५ मध्ये आपल्याकडे आली. आठवड्यातून एकदा, कातडीखाली. पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर असेल, किंवा २७ च्या वर असून सोबत बीपी-शुगरसारखं काही असेल, तर डॉक्टर विचार करतात. साखरपुड्याचा ब्लाउज घट्ट होतोय, हे कारण त्यात बसत नाही. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, कुणीही देऊ नये. झालं.

आता माझं खरं दुखणं. डोसची पायरी!

माउंजारो २.५ मिलिग्रॅमवर सुरू होतं. चार आठवडे तेच. मग ५. पुढे वाढवायचं ठरलं तर दर वेळी २.५ नेच, आणि प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. लोक काय म्हणतात? "२.५ ने काही होत नाही हो, वरचं द्या." अहो, काही व्हावं म्हणून ते नाहीच! पहिली पायरी वजनासाठी नसते, पोटाला सवय लागावी म्हणून असते.

माझ्या चुलतभावाचंच सांगते. नवरदेव. मित्राच्या सल्ल्याने थेट ७.५ टोचून घेतलं, आणि वर केळवणाला श्रीखंड-पुरी, मसालेभात. पोट रिकामं होतच नाही म्हटल्यावर ते जाणार कुठे? रात्रभर उलट्या. दुसऱ्या दिवशी हळद लागायची, तर हा सलाईनवर. काकूंनी दवाखान्यातच गालाला हळद लावली. आता फोटो बघून सगळे हसतात. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

तेच हिशेबाने बघा. आजपासून दोन महिने म्हणजे चार आठवडे २.५ आणि चार आठवडे ५. संपले दोन महिने! ज्या अभ्यासात सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, तो ७२ आठवडे चालला होता, आणि डोस १५ पर्यंत नेलेला. रील्समधले आकडे तिथले आहेत, तुमच्या दोन महिन्यांचे नाहीत. आणि सोडल्यावर? सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा झाला, तेव्हा उतरलेल्यातलं जवळपास दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे पहिल्या दिवाळसणाला ब्लाउज पुन्हा घट्ट.

अजून एका बाजूने तीच पायरी. मध्ये खंड पडला तर? माउंजारोचा एक डोस चुकला आणि चार दिवसांच्या आत आठवलं, तर घ्या. चार दिवस उलटले, तर तो सोडा आणि पुढचा ठरलेल्या वारी. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही. दोन-तीन आठवडे गेले असतील तर जिथे थांबलात तिथूनच सुरू करू नका, डॉक्टरांना फोन करा. ते बरेचदा खालच्या पायरीवर आणतात. सवय मोडलेली असते ना पोटाची.

आणि हो, नणंदेचं उरलेलं पेन! [पेन कॅमेऱ्यासमोर धरून] हे बघा, यात महिन्याचे चार डोस असतात. तिचे दोन उरले म्हणून तुम्ही वापरायचे? एक तर ती चढून गेलेली पायरी असते, तुमची नाही. दुसरं म्हणजे सुई बदलली तरी पेन दोघींत वापरायचं नसतं, रक्तातून होणारे आजार पसरू शकतात. घरातली असली तरी नाही.

एका दादांनी लिहिलंय, "मॅडम, आधी स्वतःचं वजन बघा." बघितलंय दादा, ७४ किलो. पुढे.

दुसरी कमेंट, "उगाच घाबरवता, आम्ही आयुर्वेदिक पावडर घेतो." घ्या, पण हे ऐकून घ्या. सिब्युट्रामिन नावाची भूक मारणारी गोळी हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपात बंद झाली, २०११ मध्ये आपल्याकडे. तेच औषध 'नैसर्गिक' लिहिलेल्या डब्यांत लपवलेलं पुनःपुन्हा सापडलंय. चिठ्ठीवरच्या औषधाचं नाव आणि डोस तरी कळतो.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी: शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू आहे का, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. बाळाचा विचार आहे का. गर्भनिरोधक गोळी चालू आहे का, कारण माउंजारो सुरू केल्यावर आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे फक्त गोळीवर विसंबून चालत नाही. नववधूंनो, हे विशेष तुम्हाला! ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा. आणि पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून कळ पाठीत जायला लागली, तर ओवा खात बसू नका, पुढचा डोस थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

शेवटची कमेंट घेते: "पेन फ्रीजरमध्ये ठेवलं तर जास्त टिकेल का?" नाही. खालच्या कप्प्यात, दुधाशेजारी. गोठलं की टाकून द्यायचं.

आले हो काका, बीपीच्या गोळ्या ना?