बहात्तर साल

सन 1972. मराठवाड्यात, नगर-सोलापूरच्या पट्ट्यात म्हातारी माणसं अजूनही वय या सालावरून सांगतात. "बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता," एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

आधीची दोन वर्षं पाऊस ओढ देत होता. बहात्तरला त्यानं पाठच फिरवली. जाणती माणसं सांगतात, विहिरीत थोडंफार पाणी होतं. घरात दाणा नव्हता. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी धड थापली जात नसे.

मग दुष्काळी कामं निघाली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि सगळ्यांत जास्त खडी. बोटांना चिंध्या गुंडाळून बाया उन्हात दगड फोडत बसायच्या. लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत. मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपत्रकावर, नाव लागलं की जीव भांड्यात पडायचा. 1973 च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. आज आपण ज्या रस्त्यांवरून गाड्या पळवतो, त्यांतल्या कितीतरी रस्त्यांची खडी या हातांनी फोडली आहे. हे विसरणं बरं नव्हे.

मुंबईत महागाईनं कहर केला होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्याच मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर ही लढाऊ संघटना उभी केली. स्वातंत्र्याच्या पंचविशीला 'साधना' साप्ताहिकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापून आला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रहही याच वर्षीचा.

2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. खडी फोडणाऱ्यांपर्यंत ते पोचायला अजून बराच काळ होता.

16 डिसेंबरला पुण्यात भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' हे नाटक उभं राहिलं. रांगेनं डोलणारी माणसं हाच पडदा. गणेशवंदन, कीर्तन, लावणी, सगळं आपल्याच मातीतलं. आणि सत्तेचं इतकं उघडं रूप मराठी रंगभूमीनं क्वचितच दाखवलं असेल.

दुष्काळ सरला, पण मस्टर मिटलं नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून लावून धरलेली रोजगार हमी 1977 साली कायदा झाली. मागेल त्याला काम! त्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. पगाराच्या चिठ्ठीवर तो आजही कापला जातो.