मच्छिंद्री आणि महामार्ग

पहाटेचे पाच. कोल्हापूरचा तावडे हॉटेलचा थांबा. पुण्याची बस चार पेंगुळलेल्या माणसांना उतरवून निघते. मागोमाग ट्रक, टँकर, कंटेनर. मुंबईला निघालेलं दूध, शिरोलीच्या फौंड्रीत ओतलेलं कास्टिंग, खाली दक्षिणेला जाणारं काय काय.

हा पुणे-बंगळूर महामार्ग. कागदावर क्रमांक ४८, पण जुनी माणसं अजून ‘एनएच फोर’च म्हणतात. शहरात तो शिरत नाही. पूर्वेच्या अंगानं शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव, कागल करत कर्नाटकात उतरतो. एमआयडीसीही त्याच्याच कडेनं वाढल्या.

रेल्वे १८९१ मध्ये मिरजेहून आली ती इथंच थांबली. पुढं सह्याद्री. त्यामुळं कोकणात उतरायचं तर घाटानंच: रत्नागिरीला आंबा, वैभववाडीला करूळ नाहीतर भुईबावडा, कणकवलीला फोंडा, सावंतवाडीला आंबोली. एका घाटात दरड आली, तर गाड्या दुसऱ्यानं वळवता येतात. वेळ जातो, डिझेल जळतं, पण माल पोचतो.

हायवेचं तसं नाही.

पावसाळ्यात कोल्हापूरकर फुटांत बोलतो. “किती झालं?” एवढंच विचारायचं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. शिवाजी पुलावर कोरलेल्या माशाला पाणी टेकलं, की ‘मच्छिंद्री झाली’. मग पूर बघायला ही गर्दी! पूर बघायला गेला नाही तो कोल्हापूरचा कसला?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र बघण्याची हौस फिटली. पंचगंगा शिरोलीजवळ थेट हायवेवर आली. कित्येक दिवस दोन्ही बाजूंना ट्रक उभे. शहरात पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना. गोठ्यात दूध होतं, पण न्यायला रस्ता नव्हता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

उपाय सोपा वाटतो: रस्ता उंच करा. पण कशावर? मातीच्या भरावावर चढवला, तर गाड्या कोरड्या जातील आणि तुंबलेलं पाणी आमच्या शिवारात बसेल, असं नदीकाठची गावं सांगतात. भराव नको, खांबांवर पूल द्या, खालनं पाणी जाऊ दे, ही त्यांची मागणी. आणि ती रास्त आहे. ट्रक चार दिवस थांबला, तर नंतर निघून जातो. चार दिवस पाण्याखाली राहिलेला ऊस कुजतो.